नागप्पाच्या नाकाची परीक्षा

सोलापुरातल्या बऱ्याच वेल्डरांच्या हनुवट्या मी हातात धरून पाहिल्या आहेत. हे वाक्य मी घरी पहिल्यांदा बोलले तेव्हा आमच्या ह्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि सासूबाई तांदूळ निवडायच्या थांबल्या. मग मला सगळं बैजवार सांगावं लागलं. आता तुम्हालाही सांगते, म्हणजे गैरसमज नको.

सत्तरच्या दशकात मी अक्कलकोट रस्त्यावरच्या एका कारखान्यात नर्स होते. तिथं मोठमोठ्या लोखंडी टाक्या बनत. कारखान्याचा दवाखाना म्हणजे पत्र्याची एक खोली, एक खाट, एक टेबल आणि औषधांचं कपाट. डॉक्टर आठवड्यातून दोनदा येत, बाकीचे दिवस मीच. कापलं, भाजलं, डोळ्यात कचरा गेला की माणसं माझ्याकडे यायची. आमच्या वस्तीतून नर्सिंग शिकलेली मी पहिलीच. कारखान्यात आले तेव्हा माझ्या हातचं पाणी नको म्हणून गोळी कोरडीच गिळणारी दोन-तीन माणसं होती. मी काही बोलत नसे. कडू गोळी निवडून देत असे, एवढंच.

या सगळ्याशिवाय माझं एक रोजचं काम होतं, गूळ वाटण्याचं. वेल्डिंग करणाऱ्याला पाळी संपताना गुळाचा खडा आणि कपभर दूध मिळायचं. धूर छातीत गेला की गूळ त्याला ओढून पोटात नेतो, अशी सगळ्यांची श्रद्धा. मी नर्सिंग शिकलेली. छातीचा रस्ता वेगळा आणि पोटाचा वेगळा, हे मला ठाऊक होतं. तरी मी वर्षानुवर्षं गूळ फोडून वाटला. दुसरं देण्यासारखं काही हाताशी नव्हतं हे खरं, पण मी कधी मागितलंही नव्हतं. त्याची आजही लाज वाटते.

मग एक मोठं काम आलं. सहा टाक्या, प्रत्येकीच्या पोटात जस्ताचा मुलामा दिलेल्या नळ्यांचं जाळं, आणि त्या नळ्यांचे सांधे टाकीत शिरून जोडायचे. जस्त तापलं की त्याचा पांढरा धूर होतो. तो छातीत गेला की संध्याकाळी हुडहुडी भरून ताप येतो, तोंडात गोडसर लोखंडी चव येते आणि सकाळी माणूस पुन्हा ठणठणीत. याला आमच्याकडे जस्ताचा ताप म्हणत. रोज येणारा आणि रोज जाणारा ताप म्हणून कुणी मनावर घेत नसे. या टाक्या घेणारी मंडळी मात्र परदेशी पद्धतीनं चालणारी. त्यांनी करारातच लिहिलं होतं की टाकीत शिरणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडावर मोटरचा मास्क हवा आणि तो मास्क त्या माणसाला नीट बसतो अशी परीक्षा घेतलेली हवी. मास्क त्यांनीच पाठवले. सोबत एक इंग्रजी पुस्तक.

खोकं उघडलं तेव्हा सगळा कारखाना जमला. तोंड, नाक झाकणारा जाड रबराचा मुखवटा, त्यातून निघालेली नळी, कमरेच्या पट्ट्यावर एक छोटी मोटर आणि बॅटरी. मोटर बाहेरची हवा एका डब्यातून गाळून नळीनं तोंडाशी ढकलते. वेल्डिंगची काच वरून वेगळी. पाच मिनिटांत त्या नळीचं नाव सोंड पडलं आणि मास्क घालणाऱ्याला लोक गणपती म्हणू लागले.

"सिस्टर, हे तुमच्याकडे," वर्क्स मॅनेजर बर्वेसाहेब म्हणाले, "तोंडाचं काम म्हणजे दवाखान्याचं काम."

मी ते पुस्तक शब्दकोश घेऊन आठ दिवस वाचलं. मुद्दा साधा होता. मास्क चपलेसारखा असतो. कितीही भारी असला तरी ज्याचा त्यालाच बसला पाहिजे. रबर आणि कातडी यांच्यात केसाएवढी फट राहिली तर धूर डब्यातून गाळून येण्याचे कष्ट घेत नाही, फटीतून सरळ आत येतो. म्हणून दाढी चालत नाही. मिशी चालते, पण रबराच्या कडेखाली जाईल इतकी नको. आणि हा मास्क हवा गाळतो, हवा बनवत नाही. त्यामुळे टाकीच्या तोंडाशी मोठा पंखा लावून आत हवा खेळती ठेवावीच लागते.

यातला एक नियम बर्वेसाहेबांना मुळीच पटेना. परीक्षा मोटर बंद ठेवून घ्यायची.

"मोटर चालू ठेवूनच माणूस काम करणार ना? मग परीक्षेला बंद का?"

"साहेब, मोटर चालू असली की हवा आतून बाहेर ढकलते. फट असली तरी झाकली जाते. माणूस दमून जोरात श्वास ओढतो किंवा बॅटरी उतरते, तेव्हा तीच फट उघडी पडते. आपल्याला ती आधी बघायची."

"तुम्ही म्हणता तर घ्या," साहेब म्हणाले. त्यांच्या 'घ्या'चा अर्थ 'लवकर उरका' असा असे.

परीक्षा अशी. मी सुताराकडून माणूस उभा राहील एवढी चौकट करून घेतली आणि तिच्यावर जाड प्लॅस्टिक चढवून तंबू केला. केळ्याच्या वासाचं एक रसायन मिळतं, रंगाच्या थिनरमध्ये वापरतात. त्यात भिजवलेला कागद तंबूत वर टांगायचा. मास्कला वास अडवणारा वेगळा डबा लावायचा, मोटर बंद करायची आणि माणसाला आत उभं करायचं. साधा श्वास, खोल श्वास, मान डावीकडे-उजवीकडे, मान वर-खाली, मग मोठ्यानं बोलणं. तेवढ्यात केळ्याचा वास आला तर मास्क बसत नाही. नाही आला तर पास, आणि माझ्या सहीचं कार्ड. कार्डाशिवाय टाकीत जायचं नाही.

तर हनुवट्या त्या अशा हातात आल्या. पट्टे ओढायचे, नाकाच्या हाडावर रबर बसलं का बोटानं चाचपायचं, गालावरून हात फिरवून खुंट लागतात का पाहायचं. गोळी कोरडी गिळणाऱ्यांपैकी एकजणही माझ्यापुढं मान वर करून उभा राहिला. मी त्याच्या गालावरून हात फिरवला, चांगला दोनदा. म्हटलं, "दाढी नीट झालेली नाही. उद्या या." दाढी झालेली होती. पण मला तेवढं सुख घ्यावंसं वाटलं आणि मी ते घेतलं.

एका वेल्डरनं सिद्धेश्वराला नवस केला होता, मुलगा होईपर्यंत दाढी काढणार नाही. छातीपर्यंत दाढी आणि घरात बाळंतपण जवळ आलेलं. मी म्हटलं, तोवर बाहेरचं काम करा. पंधरा दिवसांनी माणूस गुळगुळीत होऊन दारात उभा. "मुलगा झाला?" "मुलगी झाली, सिष्टर. लई ग्वाड हाय. देवानं मुलगीच दिली म्हंजे त्येलाच मुलगी पायजे आसंल की." तो पहिल्या फेरीत पास झाला.

पण या सगळ्यांत सगळ्यात सहज पास झाला तो नागप्पा.

नागप्पा मैंदर्गीचा. पन्नाशीला टेकलेला, काटक, गाल आत गेलेले, कमी बोलणारा. त्याच्या हातचा सांधा गळत नाही, अशी ख्याती होती. टाक्या तपासायला मुंबईहून पिंटोसाहेब म्हणून एक इंजिनिअर येत. त्यांनी सगळ्यांच्या हातचे नमुने घेतले होते आणि आतल्या नळ्यांच्या जाळ्यासाठी एकट्या नागप्पाचा हात मंजूर केला होता. कारखाना त्या सांध्यांसाठी त्याच्यावर विसंबून होता आणि नागप्पाचं सगळं मोठेपण त्यातच होतं. तंबूत त्याला मी मोठ्या मापाचा मास्क चढवला आणि बोलायला सांगितलं. काय बोलू म्हणाला. म्हटलं, काहीही. मग त्यानं सासुरवाडीच्या गाडीची स्टेशनं म्हटली. सोलापूर, टिकेकरवाडी, होटगी, तिलाटी, अक्कलकोट रोड, नागणसूर, बोरोटी, दुधनी.

"वास येतो का?"

"न्हाय, सिष्टर."

मी सही केली.

टाकीत काम सुरू झाल्यावर आत इतर जोडकाम करणाऱ्या बाकी कुणाला ताप आला नाही. नागप्पाला दुसऱ्याच संध्याकाळी आला. मला वाटलं, हवा बदलली असेल. चौथ्या दिवशी पुन्हा आला. मी त्याचा मास्क उलटा करून पाहिला. आतल्या रबरावर, दोन्ही गालांच्या बाजूंनी, पांढऱ्या भुकटीची रेघ होती. म्हणजे तिथूनच आत येत होतं. मी त्याला पुन्हा तंबूत घातलं. पुन्हा दुधनीपर्यंत गाडी गेली. वास न्हाय.

मी कागद आणखी भिजवला. माझंच डोकं केळ्यांनी भणभणायला लागलं. नळाला पाणी आलं म्हणून भांडं लावायला मी मिनिटभर बाहेर गेले आणि परत येऊन प्लॅस्टिक बाजूला केलं. पाहते तर नागप्पा मास्क काढून, गुडघ्यावर ठेवून, आरामात उकिडवा बसलेला.

"आता वास येतो का?" मी विचारलं.

"न्हाय की, सिष्टर."

 त्या माणसाला वासच येत नव्हता. कशाचाच. वीस वर्षांचा धूर आणि तपकिरीची डबी, दोघांनी मिळून त्याचं नाक केव्हाच बंद केलं होतं.

"नागप्पा, हे आधी का नाही सांगितलं?"

"तुमी इचारलं वास येतो का. मी खरं त्येच सांगितलं." मग म्हणाला, "वास न्हाय आला की पास, आसं समदे म्हनत हुते. मला वाटलं, मी लई चांगला पास झालो."

चूक त्याची नव्हतीच. पुस्तकात स्वच्छ लिहिलं होतं. आधी माणसाला दोन बाटल्या द्याव्यात, एकीत नुसतं पाणी, दुसरीत केळ्याच्या वासाचा थेंब. दोन्हींतला फरक ज्याला कळेल त्याचीच परीक्षा घ्यावी. ते पान मी वाचलं होतं. वाचून सोडून दिलं होतं. केळ्याचा वास कुणाला कळत नाही, असं मला वाटलं होतं. त्या माझ्या वाटण्यापायी एक माणूस दोनदा तापात पडला होता आणि वर माझ्या सहीचं कार्ड खिशात घेऊन हिंडत होता. मी त्याच्याकडून कार्ड मागून घेतलं आणि फाडलं.

बातमी बर्वेसाहेबांकडे पोचायला दहा मिनिटं लागली. ते वाईट माणूस नव्हते. त्यांना टाक्या वेळेवर द्यायच्या होत्या.

"सिस्टर, कार्ड दिलं होतं ना? मग ते चालू राहू द्या. थोडा तापच येतो. आजवर येतच होता."

"साहेब, सही माझी आहे. मी खोटी सही करणार नाही."

"सोमवारी पिंटो येतोय. त्याला सांगू काय? नागप्पाला टाकीत उतरवता येत नाही म्हटलं तर तो पुण्याहून माणूस आणायला लावेल. मग नागप्पाला दुसऱ्यांचे सांधे घासायला ग्राइंडरवर टाकावं लागेल. ते तुम्ही सांगणार त्याला?"

मी सांगितलं. ते मलाच सांगायला हवं होतं. नागप्पानं ऐकून घेतलं. मान खाली घालून आपले हात बघत राहिला. "वीस वर्सं हातानं काम केलं," म्हणाला, "आन नाकापायी ग्राइंडर घिऊ?" तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

ओरडायला त्याची बायको आली. शनिवारी दुपारी दवाखान्याच्या दारात महादेवी उभी राहिली. दुधनीकडची, उंच, कपाळावर मोठं कुंकू, हाताची बोटं लालसर. घरोघरच्या मिरच्या भाजून, कुटून देण्याचा तिचा धंदा होता. फोरमन सत्तारभाई तिच्यामागं धापा टाकत आले. "सिस्टर, मैं रोक रहा था, ये सुनतीच नईं."

"अक्का," ती मला म्हणाली, "माज्या नवऱ्याला नाक न्हाय म्हनून तुमी काढताव म्हनं?"

"काढत नाही हो. त्यांना वास येत नाही. मास्क नीट बसलाय का हे कळणार कसं?"

"वास न्हाय येत, ठावं हाय मला. धा वर्सं झाली. आमटी करपली तरी ह्येंला कळत न्हाय." ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "पर म्हनून मानूस मेलेला न्हाय! मी मिरच्या भाजाया घेतल्या की खोकत खोकत गल्लीच्या टोकाला पळत्यात. नाक मेलंय, नरडं जित्तं हाय की!"

मी खुर्चीवरून उठलेच.

त्या पुस्तकात आणखी एक परीक्षा होती. वासाऐवजी ठसका आणणारा धूर सोडायचा. वास आला की नाही हे माणूस सांगतो, ठसका मात्र त्याला विचारून येत नाही. पण त्या धुराच्या काचनळ्या परदेशातून मागवाव्या लागत, त्यात महिने गेले असते, म्हणून ते पानही मी उलटून टाकलं होतं. आणि इथं माझ्यासमोर सोलापुरातला सगळ्यात जालीम धूर करणारी बाई उभी होती. मी तिचे दोन्ही हात धरले. ती गोंधळली. तिला भांडायचं होतं आणि मी हसत होते.

रविवारी कारखान्याला सुट्टी. मी डॉक्टरांना हातापाया पडून बोलावून घेतलं आणि शेजारी खुर्चीवर बसवलं. सत्तारभाईंनी मागची उघडी शेड झाडून दिली. महादेवीनं शेगडी पेटवली, वर तवा, आणि पदराच्या गाठीतून दुधनी बाजारच्या सुक्या मिरच्या काढल्या. मी म्हटलं, एका वेळी एकच. आज असलं काही कुणी करू नये, आता यासाठी यंत्रं मिळतात. पण तेव्हा आमच्याकडे महादेवी होती.

यावेळी मी कुठलंही पान सोडलं नाही. आधी नागप्पाला बिनमास्कचा धुराजवळ नेला. ठसक्यानं त्याचे डोळे भरून आले. म्हणजे नरडं जिवंत, परीक्षा घेता येते. मग डोळ्यांवर घट्ट चष्मा, मोठा मास्क, धूर आणि वास दोन्ही अडवणारा डबा, मोटर बंद. मान फिरवेपर्यंत ठीक. स्टेशनं सुरू झाली आणि होटगीलाच खोकला. मग लहान मापाचा मास्क. तो मोठ्यापेक्षा बरा बसला, पण मान खाली घातली की पुन्हा ठसका. वेल्डर तर दिवसभर मान खाली घालूनच काम करतो. पट्टे सैल केले, घट्ट केले, तेच. घट्ट केल्यावर जास्तच. फट कुठं आहे हे मला बोटांना कळत होतं. गाल आत गेलेले, तिथं रबर टेकतच नव्हतं.

नागप्पानं मास्क काढून माझ्या हातात दिला. "ऱ्हाऊ द्या, सिष्टर," म्हणाला, "लई केलं तुमी."

त्याचे ते खोल गाल मी बघत होते. "नागप्पा, दात किती आहेत?"

त्याच्याआधी महादेवी बोलली. "दात कुटं हायत! कवळी हाय नव्हं का, डबीत. लग्नकार्याला आन मटनाला घालत्यात. कामावर घालत न्हायत, हरवंल म्हनून."

"डबी कुठं आहे?"

नागप्पानं सदऱ्याच्या आतल्या खिशातून तपकिरीची डबी काढली, ती परत ठेवली आणि दुसरी काढली. नळाखाली धुऊन कवळी बसवली. गाल भरून आले. दहा वर्षांनी लहान दिसायला लागला. महादेवी त्याच्याकडे बघून पदर तोंडाला लावून हसली. मी लहान मास्क पुन्हा चढवला, दोन्हीकडचे पट्टे एकदम आणि सारखे ओढले, बोट फिरवलं. रबर सगळीकडे टेकलं होतं.

तव्यावर मिरची पडली. साधा श्वास. खोल श्वास. मान डावी, मान उजवी. मान वर. मान खाली. मी स्वतः डोळे पुसत होते. डॉक्टर खुर्ची उचलून लांब गेले होते. सत्तारभाई शेडबाहेर जाऊन खोकत होते. "बोला," मी कसंबसं म्हटलं. मास्कमधून घुमत आवाज आला. टिकेकरवाडी गेली, होटगी गेली, तिलाटी, अक्कलकोट रोड, नागणसूर, बोरोटी आणि दुधनी. दुधनीला पोचूनही तो थांबला नाही. पुढं गाणगापूर रोड, मग गुलबर्ग्यापर्यंत गेला. मी हातानं थांब म्हणून खूण केली, तेव्हा थांबला.

मला रडू आलं. सगळ्यांना वाटलं मिरचीमुळं आलं. वाटू दिलं.

सोमवारी पिंटोसाहेब आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पुस्तक उघडलं आणि डोकं हलवलं. "सिस्टर, पुस्तकात मिरची नाही."

"धूर आहे, साहेब. धुराला ठसका असावा, असं आहे. तो या धुराला आहे की नाही, तुम्हीच बघा."

बर्वेसाहेब माझ्याकडे डोळे वटारून बघत होते. पिंटोसाहेबांना मात्र गंमत वाटली असावी. त्यांना हनुवटीवर कोरलेली छानशी दाढी होती. म्हणाले, मला मास्क द्या, मी उभा राहतो. मी दिला. दाढीबद्दल बोलले नाही. शिकलेल्या माणसाला पुस्तकातलं कशाला सांगायचं? महादेवीनं तव्यावर एक मिरची टाकली आणि पिंटोसाहेब तिसऱ्या श्वासाला मास्क ओढून काढत, भिंतीला धरून खोकायला लागले. त्यांच्या शेजारी, त्याच धुरात, नागप्पा मास्क आणि चष्मा लावून शांत उभा. हातसुद्धा हलवला नाही.

पिंटोसाहेब पाणी प्याले. डोळे पुसले. आणि त्याच ओल्या रुमालावर वही ठेवून नागप्पाच्या नावापुढं मंजूर असं लिहिलं. वर मला म्हणाले, "बाकीच्यांचीही अशीच घ्या. केळ्यांवर माझा विश्वास उडाला."

घेतली. केळ्यात पास झालेल्यांपैकी दोघं मिरचीत नापास निघाले. एकाला दुसरं माप दिलं, एकाच्या गालावरचा जुना व्रण आड येत होता, त्याला बाहेरचं काम दिलं. तो चिडला होता, महिनाभर माझ्याशी बोलला नाही. त्याचं चुकलं असं मला वाटत नाही, टाकीतल्या कामाला मान होता.

नागप्पा त्याच दुपारी टाकीत उतरला. पाळी संपल्यावर मी टाकीच्या तोंडाशी थर्मामीटर घेऊन उभी होते. मास्क काढून घेतला आणि आतून गॉजच्या पांढऱ्या पट्टीनं पुसला. गॉज घामानं ओला झाला, पण त्याच्यावर भुकटीची रेघ उठली नाही. पुढं दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, सहाच्या सहा टाक्या होईपर्यंत मी रोज पुसून बघितलं. ताप आला नाही. एकही सांधा गळला नाही. मी बर्वेसाहेबांच्या टेबलावर ते सगळे गॉज एका पाकिटात घालून ठेवले. त्यांनी पाकीट उघडून बघितलं. दुसऱ्या दिवशी टाकीच्या कठड्यावर पाटी लागली, सिस्टरच्या कार्डाशिवाय कुणीही आत जाऊ नये, आणि खाली साहेबांची सही. महादेवी दर महिन्याला शेगडी घेऊन फाटकातून आत येऊ लागली. पहिल्यांदा रखवालदारानं अडवलं तेव्हा म्हणाली, "मी मास्क तपासनारी हाय." तेव्हापासून तो तिला नमस्कार करायचा.

शेवटच्या टाकीचं जाळं पूर्ण झालं, तो दिवस माझ्या चांगला लक्षात आहे. आत दुसऱ्या एका वेल्डरचं थोडं काम उरलं होतं, धूर होता. बर्वेसाहेबांना स्वतः उतरून बघायचं होतं. खोक्यातला एक मास्क उचलून, गळ्यात अडकवून ते कठड्याशी आले. टाकीच्या तोंडाशी नागप्पा बसला होता. तो उठला आणि शिडीच्या आडवा उभा राहिला. ज्या माणसानं वीस वर्षांत साहेबांपुढं 'व्हय' सोडून दुसरा शब्द उच्चारला नव्हता, तो.

"साहेब, कार्ड?"

"अरे, मी मॅनेजर आहे!"

"व्हय, साहेब. पर नाक समद्यांना येकच आसतंय." मग पाटीकडे बोट दाखवून, अगदी अदबीनं म्हणाला, "खाली तुमचीच सही हाय."

साहेबांनी पाटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. आजूबाजूला सगळ्या यंत्रांचे आवाज बंद झाले होते. मला वाटलं, आता आम्हा दोघांचीही नोकरी गेली. साहेब वळले. हाकेच्या अंतरावरच्या शेडमध्ये मी त्या दिवशी परीक्षा घेत होते, तीन माणसं ओळीत होती. साहेब त्यांच्यामागं जाऊन चौथे उभे राहिले.

महादेवीनं मान वर करून ओळ बघितली. साहेबांची पाळी आली तशी तिनं पदराची गाठ सोडली आणि तव्यावर एकाऐवजी तीन मिरच्या टाकल्या. मी ते पाहिलं, आणि सिस्टर म्हणून तिला थांबवायला हवं होतं, पण मी दुसरीकडे बघितलं.